कसावाचे वाण वाटून घेताना: बी की टिश्यू कल्चरची रोपं?

कसावा, म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात ते पीक, लावतात खोडाच्या कांड्यांनी, आणि मोझॅक व तपकिरी रेषा या त्याच्या दोन रोगांचे विषाणूही त्याच कांड्यांतून पसरतात. म्हणून पूर्व आफ्रिकेतल्या पैदासकारांना एकमेकांकडे नुसत्या कांड्या धाडून चालत नाही.

बी पाठवणं स्वस्त. हे विषाणू बियांतून सहसा पुढे जात नाहीत. पण प्रत्येक बी वेगळ्या गुणांची, त्यामुळे निवड पहिल्यापासून करावी लागते. नव्या संकरासाठी मात्र हीच विविधता हवी असते.

टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत नळीत रोप वाढवण्याच्या पद्धतीत, वाण हुबेहूब पोहोचतो. केनिया, टांझानिया, युगांडा, मलावी आणि मोझांबिक यांनी २०१२ पासूनच्या प्रकल्पात आपापले उत्तम वाण असेच विषाणूमुक्त करून, तपासून एकमेकांना दिले. खर्च जास्त, प्रयोगशाळा हवी, नळीतलं कोवळं रोप शेतात तगवायलाही जपावं लागतं. तरीही तपकिरी रेषा रोग असेल तिथे मी हीच वाट धरेन. वरून झाड बरं दिसतं. काढणीला कंद कापावा तर आत कोरडी, तपकिरी कूज. वर्षभर राबलेल्या त्या शेतकऱ्याला सहनशील वाण आत्ताच हवा आहे, निवडीच्या अनेक हंगामांनंतर नव्हे.