मीटर नवा, किलोमीटर जुनेच! 13,500 रुपयांना गंडवलं

तक्रार साधी होती. कितीही पेट्रोल टाकलं तरी पेट्रोलचा काटा शून्यावरच. हायवेलगतच्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर जोडल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "साहेब, मीटर गेलाय, अख्खा बदलावा लागेल." मीटर म्हणजे डॅशबोर्डवरचा, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटर दोन्ही दाखवणारा अख्खा संच. मागच्या सीटला हातसुद्धा लावला नाही. टाकीतल्या फ्लोटचं, म्हणजे पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाचं, कपलर (वायरची जोडणी) बऱ्याच गाड्यांत त्या सीटखाली असतं आणि शोध तिथूनच सुरू करायचा असतो, हे आता कळतंय. मिस्त्री सीट न उचलता 'मीटर गेला' म्हणाला तर चावी परत घ्या आणि निघा.

मीटर 9,800, प्रोग्रामिंग 2,500, मजुरी 1,200. कच्च्या कागदावर. "पक्कं बिल हवं तर अठरा टक्के जीएसटी वर, बघा." हे वाक्य ऐकून मान डोलावली नाही असा गाडीवाला मला दाखवा.

गाडी ताब्यात घेतली तेव्हा काटा पाऊण टाकीवर, आणि किलोमीटर 68,412. सकाळी सोडली तेव्हाचाच आकडा! नवा मीटर बसवला तर त्यात माझे जुने किलोमीटर आले कुठून? विचारलं नाही असं नाही. विचारलं. "तेच तर प्रोग्रामिंग, साहेब," म्हणाला हसत. अडीच हजार त्याचेच लावलेत म्हटल्यावर पटलंही. जुना मीटर मागितला तर "कंपनीत जमा करावा लागतो". तिथेच पाय रोवून उभं राहायला हवं होतं. पण मागे पोरं कंटाळलेली, सासुरवाडीला पोचायची घाई. अशा वेळी कोण हुज्जत घालतं?

खंबाटकीच्या चढावर गाडी बंद पडली. टाकी कोरडी, काटा पाऊण टाकीवर. क्रेनचे 2,800 वेगळे.

साताऱ्याच्या वायरिंगवाल्याने आधी सीट उचलली. अर्थिंगची वायर हिरवी पडून कुजलेली, एवढाच मूळ बिघाड. आणि फ्लोटकडून येणाऱ्या वायरला काळ्या टेपखाली एक फुटकळ रिझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा छोटा पार्ट, जोडलेला. फ्लोट वर-खाली झाला की रोध बदलतो आणि काटा हलतो. रोधच कायमचा बांधून टाकला तर काटा जागचा हलणार कसा? रिझर्व्हचा दिवाही त्यामुळे लागला नाही. मीटर माझाच होता, उघडलेलासुद्धा नव्हता. दुरुस्तीचे 450 झाले.

टाकीत थोडं पेट्रोल टाकून काटा हलतो का ते गॅरेजच्या दारातच बघा.

चौकीत गेलो तर "हा दिवाणी मामला, तुमचं तुम्ही मिटवा". अर्ज घ्यायलाही तयार नाहीत. लहान मुलांना घेऊन घाटात भर रहदारीत गाडी थांबली, मागून ट्रक आदळला असता तर तोही दिवाणीच का? परिवहन कार्यालयातल्या बाबूने मान वर न करता सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग येतं कोणाकडे? "चौकीत विचारा." आमच्या हेल्मेटसाठी, पीयूसीसाठी मात्र चौकाचौकात माणसं उभी! गॅरेजवाल्याचं तर ठरलेलंच, "मीटर मी बदलला असं लिहून दिलंय का कुठे?"

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही. ओळखीच्या वकिलाने पहिला प्रश्न विचारला तो पक्क्या बिलाचा. नशीब, पैसे यूपीआयने दिले होते आणि तो रिझिस्टर टेपसकट जपून ठेवलाय. रोख अजिबात देऊ नका, आणि बदललेला पार्ट हातात पडल्याशिवाय तर रुपयाही नको.