अब्लेशननंतरच्या महिन्यांत घरात असावं असं ईसीजी यंत्र

यांचं एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजारासाठी, अब्लेशन झालं, तेव्हा मुलाने हे छोटं ईसीजी यंत्र मागवलं. दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांवर ठेवून तीस सेकंद स्वस्थ बसायचं की मोबाइलवर आलेख उमटतो. त्याची पीडीएफ डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवता येते. याच सोयीसाठी मी हे यंत्र घ्या म्हणेन.

अब्लेशनमध्ये फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी, म्हणजे चुकीचे ठोके जिथून उठतात तिथे, डाग देतात. तिथली सूज उतरेपर्यंत ठोके मधूनच बिघडतात, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या बिघाडावरून उपचार फसला असं डॉक्टर धरत नाहीत. पण मध्यरात्री छातीत धडधडायला लागलं की घरच्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. तशाच एका रात्री आम्ही आलेख काढून पाठवला. सकाळी उत्तर आलं, ‘जादा ठोके आहेत, यायची गरज नाही.’

त्या काळात यांना जोडीला अमिओडॅरोनची, म्हणजे ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या औषधाची, गोळी होती. तिने पुढचा त्रास टळतो का, हे मी डॉक्टरांना खोदून विचारलं. त्यांनी डेन्मार्कमधल्या अमिओ-कॅट चाचणीबद्दल सांगितलं. तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. अब्लेशन झालेल्या २१२ जणांपैकी जवळपास निम्म्यांना आठ आठवडे अमिओडॅरोन दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. पहिले तीन महिने सोडून सहाव्या महिन्यापर्यंत पाहिलं, तर ठोके पुन्हा बिघडलेले औषधवाल्यांत ३९ टक्के निघाले, इतरांत ४८ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. सुरुवातीच्या तीन महिन्यांत मात्र ठोक्यांपायी भरती व्हावं लागणं आणि ठोके ताळ्यावर आणायला विजेचा शॉक द्यावा लागणं निम्म्याहून कमी झालं. माझ्या मते तेवढ्यासाठीही ही गोळी घेण्यासारखी आहे. त्या दिवसांतली भरती माणसाला फार खचवते. फक्त आधी थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या करून घ्याव्यात. या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते, त्यामुळे आमच्या नागपुरात उन्हाळ्यात ती चालू असेल तर दुपारी बाहेर पडूच नये.

आता यंत्राच्या उणिवा. बोटं कोरडी असली की आलेख थरथरतो. बोटं किंचित ओली करून, हात मांडीवर टेकवून बसलं तर सरळ येतो. कधी कधी ते नुसतंच ‘अनिर्णित’ म्हणतं, मग पुन्हा काढायचा. दर तासाला काढत बसू मात्र नका, त्याने काळजीच वाढते; धडधड जाणवली तर काढा, नाहीतर सकाळचा एक पुरे. छातीत दुखत असेल तर यावर विसंबू नका, सरळ दवाखाना गाठा. हार्ट अटॅक यात कळत नाही.

पाचपैकी चार गुण देते. एक कापला, कारण बोट ठेवल्याशिवाय यात काहीच नोंदलं जात नाही. झोपेत बिघडलेले ठोके निसटतात, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेला होल्टर (अंगाला लावून ठोके सलग नोंदणारी तपासणी) आम्हाला वेगळा करावाच लागला.