मुंबईची क्रूझ, मांडवीतली बोट की सिंगापूरचं जहाज?

थंडीची चाहूल लागली की ठाण्यात आणि वाशीत टूरवाल्यांच्या काचांवर क्रूझची पोस्टरं लागतात. दोन रात्री समुद्रात, जेवण पॅकेजमध्ये, वर कॅसिनो. चौकशीला येणारे बहुतेक ठरलेले: आई-बाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांना पाठवणारी मुलं, बँकेतून निवृत्त झालेल्यांचा ग्रुप, भिशीच्या मैत्रिणी. त्यांच्यापुढे तीन पर्याय असतात. मुंबईहून सुटणारं जहाज, गोव्याला जाऊन मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटीवर एक रात्र, किंवा सिंगापूरला उडून तिथून मोठ्या जहाजाची सफर.

माझं मत आधीच सांगते. सफरीचे पैसे आणि खेळाचे पैसे एकाच पावतीत येऊ देऊ नका. ज्या पॅकेजमध्ये 'इतक्या चिप्स मोफत' किंवा 'इतक्याच्या चिप्स घेतल्या तर केबिन स्वस्त' असं लिहिलेलं असतं, ते वरून स्वस्त दिसतं आणि आतून महाग पडतं. (चिप्स म्हणजे कॅसिनोत रोख पैशांऐवजी टेबलावर लावायची टोकनं.) का, ते पुढे आकड्यांत येईल.

आधी मुंबईचं जहाज. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' सप्टेंबर २०२१ पासून आपल्याकडे आहे. जहाज १९९० सालचं. तेव्हा ते 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं, मग रॉयल कॅरिबियनकडे 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं. अकरा डेक आणि आठशेच्या आसपास केबिन. त्या काळच्या जहाजांसारख्याच इथल्या केबिन लहान आहेत. दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवल्या तर पाय ठेवायला जागा शोधावी लागते. पण ठाणेकराला सोय मोठी आहे. लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पियर. नवी मुंबईकराला हार्बर लाइन आहे, उलव्याच्या बाजूला राहणाऱ्यांना अटल सेतू. देशातल्या देशात सफर असेल तर आधार कार्डावर काम होतं. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, विमान चुकण्याची धास्ती नाही. सत्तरीच्या आई-बाबांसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

या जहाजाच्या दोन सफरींत मात्र फरक आहे आणि तो एजंट सहसा सांगत नाही. एक गोव्याला जाऊन येणारी, दुसरी कुठेच न थांबता समुद्रात फिरून परत येणारी. महाराष्ट्रात कॅसिनो चालत नाही. १९७६ साली विधिमंडळाने कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आजही आहे. त्यामुळे मुंबईहून निघालेल्या जहाजावर टेबलं सुरू होतात ती किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, बाहेर गेल्यावर. जहाज गोव्याच्या बंदरात उभं असतं तेव्हा कॅसिनो बंद असतो. कुठेच न थांबणाऱ्या सफरीत असा खंड पडत नाही. उतरायला गाव नाही, तेव्हा बार, दुकानं आणि कॅसिनो यांतच फेरी होते. ज्याला समुद्र बघायचा आहे त्याने गोव्याची सफर घ्यावी. रात्री जहाज, दिवसा बंदरात उतरून फिरणं, संध्याकाळी परत डेकवर.

आता मांडवी. गोव्यात नदीतल्या बोटींवर कॅसिनोला परवानगी आहे. १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९६ साली दुरुस्ती करून ती वाट मोकळी केली. वय एकवीस पूर्ण हवं. पणजीच्या जेटीवरून छोट्या बोटीने न्यायचं आणि आणायचं. प्रवेशाच्या पैशांत बुफे, ठरावीक पेयं, नाचगाणी आणि काही चिप्स येतात. ठाण्याहून जायला कोकण रेल्वेच्या गाड्या भरपूर आहेत. जनशताब्दी, मांडवी, कोकणकन्या, शिवाय वंदे भारत ठाण्याला आणि पनवेललाही थांबते. पणजीसाठी करमळी किंवा थिवीला उतरायचं. हॉटेल आपल्या बजेटचं घ्या, कॅसिनोची एक संध्याकाळ, उरलेले दिवस किनारा, देवळं, मासे. जुगार हा एका संध्याकाळीपुरता असेल तर हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग आहे, कारण बोटीवरून उतरून निघून जाता येतं. भर समुद्रातल्या जहाजावरून उतरता येत नाही.

मांडवीचा प्रवेश घेताना मात्र त्या 'काही चिप्स' नीट बघा. त्या बहुधा ओटीपी असतात, म्हणजे एकदाच खेळायच्या. काउंटरवर देऊन रोख मिळत नाही. हजाराची ओटीपी रुलेटच्या, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या, लाल रंगावर लावली आणि लाल आलं, तर हजाराची खरी चिप मिळते, पण ओटीपी ते काढून घेतात. काळं आलं तर ती तशीही गेली. एका शून्याच्या चाकावर ३७ घरं, त्यांतली १८ लाल. म्हणजे लाल-काळ्यावर त्या हजाराच्या चिपची सरासरी किंमत होते ४८६ रुपये. पॅकेजवर 'चिप्स ₹२,०००' छापलेलं असेल तर मनात त्याचे निम्मे धरा आणि मग दोन बोटींची तुलना करा.

आणि जीएसटी. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घ्यायला भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर नाही, पण खिशातून जे भरता त्यावर आहे. कॅसिनो तो स्वतः सोसतो की तुमच्याकडून वळता करतो, हे काउंटरवर आधी विचारा. पूर्ण वळता केला तर दहा हजार देऊन हातात साधारण ७,१४० च्या चिप्स येतात. पत्ता उघडायच्या आधीच २,८६० गेले. यापुढे कुठला खेळ चांगला याला फारसा अर्थ उरत नाही, तरी सांगते. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात 'बँकर' या बाजूवर लावलं तर घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा लावलेल्या पैशांच्या सुमारे १.०६ टक्के, पण 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर, तो चौदाच्या पुढे जातो. रुलेटला एक शून्य असेल तर २.७ टक्के, दोन असतील तर ५.२६. टेबलाशी बसण्याआधी चाकावर शून्यं किती ते बघायला पाच सेकंद लागतात. ताशी चाळीस फेऱ्या, दर फेरीला पाचशे रुपये धरले तर सरासरीने एका शून्याला तासाला ५४० आणि दोन शून्यांना १,०५० रुपये जातात.

गणपतीच्या जागरणात रमी आणि तीन पत्ती खेळलेल्यांना तीन पत्तीचं टेबल दिसलं की घरचं वाटतं. कॅसिनोतल्या अनेक टेबलांवर तुम्ही समोरच्या माणसाशी खेळत नसता, डीलरशी खेळता. समोरच्याचा चेहरा ओळखून पॅक करायला लावणं, ब्लाइंड चढवत नेणं, ही घरातली सगळी हुशारी तिथे कामाची नाही.

जिंकलात तर त्यावर सरसकट तीस टक्के आयकर आणि वर सेस. आदल्या रात्रीचं नुकसान त्यातून वजा होत नाही. परदेशी जहाजावर जिंकलेलं असलं तरी इथे राहणाऱ्याला ते रिटर्नमध्ये दाखवावं लागतं.

सिंगापूरबद्दल थोडक्यात, कारण तिथली निवड सोपी आहे. 'गेंटिंग ड्रीम' २०१६ चं जहाज आहे आणि आकाराने 'एम्प्रेस'च्या जवळजवळ तिप्पट. मुलांसाठी पाणघसरगुंड्या आहेत, शाकाहारी भारतीय जेवण मिळतं, केबिनला बाल्कनी परवडू शकते. जहाज म्हणून ते सरळ सरळ उजवं आहे. पण विमानभाडं, सिंगापूरचा व्हिसा आणि शहरातला निदान एक मुक्काम धरल्याशिवाय मुंबईच्या क्रूझशी त्याचा भाव लावू नका. जहाज बाहेर जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना ते तपासा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ घेतलेला आयकर, लागतो. तो रिटर्न भरताना वळता होतो, तरी आज खिशातून जातो. लहान मुलं असतील आणि सिंगापूर बघायचंच असेल तर हे घ्या. नुसत्या कॅसिनोसाठी इतक्या लांब जाण्यात काही राम नाही.

जहाज कुठलंही असो, चेक-इनला एक कार्ड देतात. केबिनची किल्ली तेच आणि खर्चाचं खातंही तेच. दारू, स्पा, पैसे देऊन जेवायची खास रेस्टॉरंट, सगळं त्यावर लिहिलं जातं आणि शेवटच्या सकाळी बिल हातात येतं. काही आंतरराष्ट्रीय जहाजांवर त्याच कार्डावर चिप्सही घेता येतात आणि त्याला वर शुल्क लागतं. चढल्या चढल्या रिसेप्शनवर जाऊन खर्चाची मर्यादा घालून घ्या, मुलांच्या कार्डावरचा खर्च बंद करा. खेळायची रक्कम रोख आणि वेगळ्या पाकिटात ठेवा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल येतं.

घरात कुणी ऑनलाइन रमीत किंवा सट्ट्यात आधीच पोळलेलं असेल, तर या तिन्हींपैकी काहीच घेऊ नका. 'चार दिवस मोकळं वाटेल' म्हणून अशा माणसाला कॅसिनो असलेल्या जहाजावर नेणं फार जोखमीचं आहे. त्याच पैशांत तारकर्ली होतं, दिवेआगर होतं. बोलायला हवं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांसाठी: आई-बाबांना मुंबई-गोवा क्रूझ, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, समुद्र शांत असतो तेव्हा. मित्रमंडळींना रेल्वेने गोवा आणि बोटीवर एक रात्र. एजंटकडून भाव लेखी घ्या आणि तो दोघांचा, बंदर शुल्क, टिप आणि जीएसटी धरून एकूण असा घ्या. पोस्टरवरचा आकडा बहुतेक वेळा एकाचा, आतल्या बिनखिडकीच्या केबिनचा आणि करांशिवायचा असतो. खराब हवेमुळे बंदर गाळलं तर काय परत मिळणार, तारीख बदलली तर किती कापणार, हेही लिहून घ्या. खिडकीसाठी थोडे जास्त गेले तरी जाऊ द्यात, पण डेकचा नकाशा मागून घ्या. बोट लागणाऱ्यांना खालच्या डेकवरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन द्या, आणि ती नाचगाण्याच्या हॉलच्या बरोबर वर किंवा खाली येत नाही ना, हे पैसे भरण्याआधी बघा.