'कॉन्फिडन्ट' शिकवताना नेव्हर डिक्शनरी अ‍ॅप खूप कामाला आलं

पुण्यात मी एका कोरियन ताईंना इंग्रजी शिकवते, त्यांचे मिस्टर रांजणगावला नोकरीला आहेत. गेला आख्खा आठवडा आमचा एकाच शब्दावर गेला, कॉन्फिडन्ट. त्या दरवेळी 'आय अ‍ॅम कॉन्फिडन्स' म्हणायच्या. आधी एक पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप होतं, नाव नाही घेत, त्यात शब्दाला एक अर्थ आणि एक चित्र, बास. शेवटी त्यांनीच फोनमधलं नेव्हर (Naver या कोरियन कंपनीचं इंग्रजी-कोरियन डिक्शनरी अ‍ॅप) उघडून दाखवलं, आणि तेव्हा कुठे मला कळलं की त्या नेमक्या अडकतात कुठे.

कोरियनमध्ये म्हणतात 'जाशिन इस्सॉयो', म्हणजे आत्मविश्वास आहे. अहो आपणही तसंच म्हणतो की, 'तिच्यात आत्मविश्वास आहे'! दोन्हीकडे नाम आणि पुढे 'आहे'. इंग्रजीत मात्र ती स्वतःच कॉन्फिडन्ट असते, म्हणून विशेषण लागतं. हे मी त्यांना मराठी वाक्य सांगून समजावलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला ना!

नेव्हरमध्ये अर्थ दोन वेगवेगळे दिलेत, एक 'जाशिनगाम' वाला म्हणजे स्वतःवर विश्वास असलेला, आणि दुसरा 'ह्वाकशिन' वाला म्हणजे खात्री असलेला. 'शी इज कॉन्फिडन्ट' मध्ये पहिला, 'आय अ‍ॅम कॉन्फिडन्ट दॅट ही विल कम' मध्ये दुसरा. मराठीतही आत्मविश्वास वेगळा नि खात्री वेगळी, त्यामुळे मला शिकवायला फारच सोपं गेलं. खाली उदाहरणाची वाक्यं पण असतात, ती मोठ्याने वाचायची.

उच्चाराला वेळ लागतो हं. कोरियनमध्ये 'फोन' या शब्दातला फ नाहीच, त्यांचा फ आपल्या 'फळ' या शब्दातला, आणि शेवटी ट नुसता न ठेवता त्याला बारीक उकार लावतात, म्हणून तीन तुकड्यांचा शब्द चार तुकड्यांचा होतो. अ‍ॅपमध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश दोन्ही आवाज ऐकता येतात, आम्ही रोज दहा वेळा ऐकून मागोमाग म्हणतो. पण तोंडातून चुकीचं निघालं तर ते सांगायला समोर माणूस हवाच, ते काम डिक्शनरीचं नाही.

फुकट आहे, कोरियन विद्यार्थी असेल तर डोळे झाकून घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. परवा ताईंनी फोनवर प्लंबरला सांगितलं, 'आय अ‍ॅम कॉन्फिडन्ट, लीक इज फ्रॉम अप्पर फ्लोअर', आणि गळती खरंच वरच्या मजल्यावरूनच होती.