कोकणातून क्रोएशिया: कुठं दोन रात्री राहावं, कुठून लवकर निघावं

क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबला उतरायचं, प्लित्वित्सेची तळी आणि धबधबे बघायचे, झादार आणि स्प्लिट करत समुद्राच्या कडेनं डुब्रोव्हनिकला पोचायचं आणि तिथूनच परतीचं विमान धरायचं. आईवडील, मुलं आणि आजी-आजोबा असा पाच-सहा जणांचा गोतावळा नऊ-दहा रात्रींत हा मार्ग आरामात करू शकतो. आमच्या मते युरोपातली ही कुटुंबासाठी फार चांगली सहल आहे, पण एका अटीवर: प्लित्वित्सेला दोन रात्री द्यायच्या. बऱ्याच गटसहलींत ते ठिकाण वाटेतला चार तासांचा थांबा असतो, आणि सहलीचं सगळं नुकसान तिथंच होतं.

सावतसडा, मार्लेश्वर, आंबोली बघितलेल्या माणसाला परदेशी धबधब्याचं काय कौतुक, हा प्रश्न रास्त आहे. वेलिकी स्लाप, म्हणजे शब्दशः ‘मोठा धबधबा’, ७८ मीटरचा आहे, आणि आषाढातल्या सह्याद्रीपुढे तो काही फार रौद्र नाही. फरक वेगळाच आहे. आपल्याकडे पाणी कातळ झिजवतं, तिथं पाणी दगड घडवतं. डोंगर चुनखडीचा, त्यामुळे चुना पाण्यात विरघळून येतो. पाणी जिथं शेवाळावर उडतं तिथं तो चुना बसतो, शेवाळाचा दगड होतो, त्यावर पुन्हा शेवाळ धरतं. असे बांध वाढत जाऊन एकाखाली एक सोळा तळी तयार झाली आहेत. फळ्यांच्या वाटेवरून वाकून बघा: पाण्यात पडलेली फांदी पांढरट, खरबरीत पुटानं मढलेली दिसते, आणि तिच्या सावलीत मासे स्थिर उभे असतात. मुलांना ती फांदी आधी दाखवा, धबधबा मागाहून. १९४९ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, १९७९ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. पोहायला पूर्ण बंदी आहे, पाय बुडवायलाही उतरायचं नाही. हे बांध फार नाजूक आहेत. पाण्यात डुंबायला मिळेल असं मुलांना आधीच सांगून ठेवलंत तर तिथं रडारड होईल.

आता प्रत्यक्ष चालण्याचं. उद्यानाला मुख्य दोन प्रवेशद्वारं आहेत आणि वाटांना अक्षरांची नावं आहेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर दुसऱ्या क्रमांकाच्या दारातून ‘एच’ ही वाट घ्या: सुमारे ९ किलोमीटर, चार ते सहा तास. आधी उद्यानाची गाडी तुम्हाला वरच्या तळ्यांपाशी नेऊन सोडते, मग बहुतेक उतारानं चालत खाली यायचं, कोझ्याक हे सगळ्यात मोठं तळं विजेच्या नावेनं ओलांडायचं, पलीकडे खालची तळी आणि शेवटी वेलिकी स्लाप. तिथून गाडीच्या थांब्यापर्यंत मात्र दमछाक करणारा चढ आहे, त्यासाठी गुडघ्यांत जोर शिल्लक ठेवा. पहिल्या दारातून निघणारी ‘सी’ वाट साधारण हीच तळी उलट क्रमानं दाखवते, म्हणजे वरची तळी चढत बघावी लागतात. ज्यांचे पाय साथ देत नाहीत त्यांनी पहिल्या दाराजवळच्या सज्जांवरून मोठा धबधबा बघावा. खाली न उतरताही तो तिथून नीट दिसतो.

बिघडतं ते वेळेमुळे. झाग्रेब आणि झादारहून येणाऱ्या दिवसभराच्या बस दहा-अकराच्या सुमाराला येतात. त्यानंतर फळ्यांच्या अरुंद वाटेवर रांग लागते आणि हंगामात नावेसाठी ताटकळावं लागतं. सकाळी दार उघडताच आत शिरलात तर वरची तळी जवळजवळ तुमचीच असतात, आणि सकाळी दारात हजर राहायचं तर आदली रात्र तिथंच काढायला हवी. मुकिन्ये हे गाव दुसऱ्या दारापासून चालत जाण्याजोगं आहे. गावात दुकानांची चंगळ नाही, दूध, पाव, फळं झाग्रेबहूनच घेऊन निघा. दुसरी रात्र पावसासाठी राखीव समजा. एक दिवस पावसात गेला तर दुसरा हाताशी राहतो.

फळ्यांना बहुतेक ठिकाणी कठडे नाहीत आणि ओल्या झाल्या की त्या निसरड्या होतात. चपला, फ्लोटर्स नकोत, खाच असलेल्या तळव्याचे बूट घाला. बाबागाडीचा उपयोग नाही, तान्ह्या मुलाला पाठीवर किंवा छातीशी बांधून न्यावं. तिकिटावर आत शिरण्याची वेळ छापलेली असते आणि ठरावीक संख्येनंतर तिकिटं संपतात, म्हणून ते ऑनलाइन आधी काढा. २०२४ मध्ये जून ते सप्टेंबर प्रौढाला ४० युरो आणि एप्रिल, मे, ऑक्टोबरात २३ युरो पडत होते, सात वर्षांखालच्या मुलांना माफ. नाव आणि गाडी त्याच तिकिटात येतात. दर बदलतात, पण उन्हाळा महाग आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे स्वस्त हे गणित लक्षात ठेवा.

यावरून महिना ठरतो. वसंतात बर्फ वितळून पाणी भरपूर असतं, ऑगस्टमध्ये धारा बारीक होतात. म्हणजे मे उत्तम, आणि शाळांना सुट्टीही तेव्हाच. पण ज्यांच्या घरी हापूसची कलमं आहेत त्यांना एप्रिल-मेमध्ये अंगण सोडता येत नाही, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. त्यांनी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरावा. झाडं तांबूस-पिवळी होत असतात, गर्दी ओसरलेली असते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या सुमारास अंधारायला लागतं. आणखी एक: ऑक्टोबरात निघताना कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक अजून लागू असू शकतं. विमानाच्या दिवशी पहाटेच्या गाडीवर भिस्त ठेवू नका, एक दिवस आधी मुंबई गाठा.

क्र्का हे दुसरं धबधब्यांचं राष्ट्रीय उद्यान शिबेनिकजवळ आहे. स्क्रादिन गावातून नावेनं जाता येतं, तो नावेचा प्रवास छानच आहे. पण पूर्वी तिथं मुख्य धबधब्याखाली पोहता येत असे. २०२१ पासून तेही बंद झालं. जुन्या फोटोंवर विसंबून बेत आखणारे तिथं हिरमुसतात. प्लित्वित्से नीट बघणार असाल तर क्र्का गाळा आणि तो दिवस स्प्लिटजवळच्या समुद्रकाठी मुलांना पोहण्यासाठी द्या. आपल्यासारखी वाळूची पुळण तिथं क्वचितच, किनारा गोट्यांचा आणि खडकाचा असतो. समुद्री अर्चिन या गोल काटेरी जीवाचे काटे पायात रुतू नयेत म्हणून रबरी बूट घ्या.

शहरांमध्ये झाग्रेब एका संध्याकाळीत आटोपतं. झादारला मात्र सूर्यास्त धरून पोचा. तिथं समुद्राचा ऑर्गन आहे: धक्क्याच्या पायऱ्यांखाली ३५ नळ्या बसवल्या आहेत. लाट आत शिरली की हवा दाबली जाते आणि सूर निघतो. संगीत नाटकाच्या ऑर्गनला पायानं भाता मारावा लागतो, इथं तो समुद्र मारतो. निकोला बाशिच या वास्तुरचनाकारानं २००५ मध्ये हे केलं. जवळून बोट गेली की सूर वाढतात, समुद्र अगदी शांत असला तर जेमतेम हुंकार. पायरीवर बसा, उभं राहू नका, बसल्यावर ते पायांतून जाणवतं. तिकीट नाही.

स्प्लिटमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशननं निवृत्तीसाठी इ. स. ३०५ च्या सुमाराला बांधलेला वाडा आहे, आणि त्यात आजही लोक राहतात. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरं आहेत, ते बघितलेल्याला इथली गंमत पटकन कळते: खांबांमध्ये दुकान, सम्राटाच्या भिंतीला कपड्यांची दोरी. मधला चौक फुकट बघता येतो, पैसे फक्त तळघरांना द्या, कारण वरच्या नाहीशा झालेल्या दालनांचे आराखडे खालच्या दालनांवरून कळतात. बस, रेल्वे आणि बोटींचे धक्के सगळे वाड्यापासून पाच-दहा मिनिटांवर असल्यामुळे तीन रात्रींचा मुक्काम इथंच ठोका.

डुब्रोव्हनिकचा तट १,९४० मीटरचा. सिंधुदुर्ग ज्या १६६७ साली बांधून पुरा झाला, त्याच वर्षी ६ एप्रिलला इथं भूकंपानं शहर कोसळलं. आजची बरीचशी घरं त्यानंतरची आहेत. तटावर सावली नाही, फिरण्याची दिशा एकच, पायऱ्या उंच. सकाळी आठला चढा. तटाचं तिकीट आणि शहराचा एक दिवसाचा पास यांची किंमत सारखीच असते, म्हणून पासच घ्या, त्यात संग्रहालयं आणि बसही येते. खोली ठरवताना घरमालकाला ‘पायऱ्या किती?’ हे विचाराच. जुन्या शहरात बॅगा हातानं वर न्याव्या लागतात.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि चलनही युरो झालंय. व्हिसा एकदाच प्रवेशाचा मिळाला असेल तर मोस्तारला (बॉस्निया) किंवा कोटोरला (मॉन्टेनेग्रो) दिवसभराची फेरी मारू नका. सीमा ओलांडली की व्हिसा संपला, परत येता येत नाही. स्प्लिट-डुब्रोव्हनिक जुना रस्ताही नेउमपाशी बॉस्नियातून जातो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल झाल्यापासून ते टाळता येतं, पण बसचा मार्ग विचारून घ्या आणि स्वतः गाडी चालवत असाल तर नकाशात पुलाचाच रस्ता निवडा. डुब्रोव्हनिकला रेल्वे जात नाही.

व्हिसाचं शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वयाला ४५, त्याखाली नाही. सेवाशुल्क वेगळं. बारा वर्षांवरच्यांना बोटांच्या ठशांसाठी सहसा व्हिसा केंद्रात जावं लागतं, तेव्हा घरातल्या सगळ्यांची वेळ एकाच दिवशी घ्या. आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर: पासपोर्टवर माहेरचं आडनाव, विवाह नोंदणीवर सासरचं, तिकिटावर वडिलांचं नाव गाळलेलं. विमा (किमान ३०,००० युरोंचा), तिकीट, हॉटेल सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न् अक्षर.

खाण्याचं सोपं आहे. स्र्देला म्हणजे आपल्या तारलीची बहीण, भाजून मिळते, बरोबर ब्लित्वा नावाची पालेभाजी-बटाटा. अख्खा मासा किलोच्या भावानं लावतात, म्हणून शिजवण्याआधी वजन करून किंमत विचारा. स्वयंपाकघर असलेली घरं भाड्यानं घ्या, पण शेगडी बऱ्याचदा इंडक्शनची असते, तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. चुंबक चिकटणारं स्टीलचं भांडं न्या आणि गोल दोन पिनांचा अडॅप्टरही. सामानात आंबे, पेढे, तूप, सुकं मटण नको, युरोपच्या सीमेवर ते काढून घेतात. नारळाला मात्र प्रमाणपत्र लागत नाही. चिवडा आणि आंबापोळी बिनधास्त न्या. बसच्या डिकीत ठेवलेल्या प्रत्येक बॅगेचे एक-दोन युरो ड्रायव्हर वेगळे घेतो, तेव्हा सुटी नाणी खिशात असू द्या.