महूजवळचा मुलांचा समर कॅम्प: फाईव्ह स्टार, आणि विकू देऊ नका
माझी मुलगी यंदाही जाऊन आली, एकदम मस्त! सकाळी मल्लखांब, मग जानापावचा ट्रेक, चंबळ इथूनच उगम पावते म्हणून घरी आल्याआल्या आजीला नकाशा काढून दाखवला, आणि जेवल्यावर आपलं ताट आपणच घासायची सवय लागली ती वेगळीच. बाथरूम साधे आहेत, चालतं. पण आता ट्रस्टी जागाच विकायला निघालेत, आणि जे ताई-दादा ऑफिसच्या सुट्ट्या टाकून फुकट शिकवतात तेच विरोधात उभे राहिलेत, बरोबरच आहे त्यांचं! मध्य प्रदेशात १९५१ च्या कायद्याप्रमाणे पब्लिक ट्रस्टची जमीन विकायला रजिस्ट्रारची परवानगी आधी लागते, म्हणून त्यांनी हरकतीचा अर्ज तयार केलाय, इंदूरच्या ज्या ज्या घरातली मुलं इथे राहून आलीत त्यांनी प्लीज सही कराच.