पॉडमन: कमांड डॉकरचीच, पण लाइट जाऊन आल्यावर काय?

डॉकर आणि पॉडमन ही दोन्ही कंटेनर चालवायची साधनं; कंटेनर म्हणजे लागणाऱ्या फाइलींसह वेगळ्या डब्यात बंद करून चालवलेला प्रोग्राम. डॉकर काढायचा, पॉडमन टाकायचा, डॉकर टाइप केलं की पॉडमन चालेल असं एलिअस करून ठेवायचं, कोणाला कळणारही नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. रन, पीएस, लॉग्ज, एक्झेक, इन्स्पेक्ट या उपकमांड त्याच आणि त्यांचे पर्यायही बहुतेक तेच. उरलेला थोडासा फरक मात्र असा आहे की तो माहीत नसला तर रात्री अकराला क्लायंटचा फोन ठरलेला.

हा रिव्ह्यू मोठ्या क्लाउडवाल्यांसाठी नाही. नागपुरात इतवारीतल्या होलसेल दुकानाचं बिलिंग, धंतोलीतल्या पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, कळमन्यातल्या अडत्याचा हिशेब असली कामं एका कोपऱ्यातल्या मशीनवर चालतात. त्यावर उबुंटू किंवा अल्मा लिनक्स, शेजारी जेमतेम टिकणारा यूपीएस, आणि देखभालीला वेगळा माणूस नाही. अशा ठिकाणी पॉडमन घ्यावा का? माझ्या मते घ्यावा, पण व्हर्जन बघून.

घेण्याचं मुख्य कारण म्हणजे रूट, म्हणजे मशीनवरचा सर्वाधिकारी युजर, लागत नाही. डॉकरची नेहमीची मांडणी अशी की पाठीमागे रूटच्या हक्काने एक डीमन (पडद्यामागचा प्रोग्राम) कायम चालू असतो, आणि ज्याला डॉकर ग्रुपमध्ये घातलं त्याच्या हातात मशीनची किल्लीच दिल्यासारखं होतं. पॉडमनला डीमन नाही. साध्या युजरने रन म्हटलं की कंटेनर त्याच युजरच्या हक्कात उठतो आणि त्याच्यावर कॉनमॉन नावाची छोटी प्रोसेस लक्ष ठेवते. दुकानातल्या पोराला लॉगिन देताना जीव भांड्यात पडतो. परवाना अपाची 2.0, पैसे शून्य. डॉकरचंही इंजिन फुकटच आहे. मोठ्या कंपन्यांना पैसे लागतात ते डॉकर डेस्कटॉपचे, 2021 पासून.

पण डीमन नाही, याचाच दुसरा अर्थ मे महिन्यात लाइट जायला लागली की कळतो. डॉकरमध्ये --रीस्टार्ट=ऑलवेज दिलं की लाइट जाऊन आल्यावर डीमन उठतो आणि कंटेनरही उठवतो. पॉडमनमध्ये हाच पर्याय, हेच स्पेलिंग, तक्रार न करता स्वीकारला जातो. मशीन चालू असताना कंटेनर पडला तर तो उठतोही. मशीनच बंद पडून चालू झाली, तर मात्र उठवायला कोणीच नसतं. सकाळी दुकान उघडतं आणि बिलिंगचं पान येत नाही. पॉडमन-रीस्टार्ट नावाची सर्व्हिस इनेबल केली तर ऑलवेजवाले कंटेनर बूटला उठतात, पण ती तात्पुरती मलमपट्टी समजा.

खरा उपाय क्वाडलेट, म्हणजे कंटेनरचं वर्णन एका फाइलीत लिहून तो सिस्टमडीकडे (लिनक्सवरच्या सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवायची सोय. हे पॉडमन 4.4 पासून, म्हणजे 2023 पासून सोबत येतं. होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग/कंटेनर्स/सिस्टमडी या जागी हिशेब.कंटेनर अशी एक फाइल ठेवायची. तिच्यात इमेज (कंटेनरचा तयार साचा), पोर्ट आणि व्हॉल्यूम (डेटाचं फोल्डर) यांच्या चारपाच ओळी. मग सिस्टमसीटीएल --यूजर डीमन-रीलोड केलं की त्यातून हिशेब.सर्व्हिस आपोआप तयार होते. कमांडवरची ती लांबलचक ओळ शेल हिस्टरीत शोधत बसणं संपतं, आणि हे एकटंच पॉडमन घ्यायला पुरेसं कारण आहे. पण चार ठिकाणी हमखास अडकायला होतं.

पहिलं, सवयीने सिस्टमसीटीएल इनेबल मारलं तर युनिट (म्हणजे ती सर्व्हिस) जनरेटेड आहे म्हणून एरर येते. इनेबल करायचंच नसतं; फाइलमध्ये इन्स्टॉल विभागात वॉन्टेडबाय=डीफॉल्ट.टार्गेट लिहायचं असतं. नेटवरून उचललेल्या नमुन्यात मल्टी-यूजर.टार्गेट असतं. ते टार्गेट युजरच्या सिस्टमडीत नसतंच, त्यामुळे सर्व्हिस हाताने सुरू होते पण बूटला उठत नाही. दुसरं, लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर राहून जातं. ते नसेल तर एसएसएचमधून बाहेर पडल्यावर त्या युजरच्या सर्व्हिसेस बंद होतात, आणि बूटला त्या युजरने लॉगिन करेपर्यंत काही सुरूच होत नाही. तपासताना आपण लॉगिन असतो म्हणून सगळं ठीक दिसतं, निघालो की बंद. हा घोळ शोधायला सगळ्यात जास्त वेळ खातो. तिसरं, पहिल्यांदा सुरू करताना इमेज मोठी आणि लाइन हळू असेल तर सिस्टमडी 90 सेकंद वाट बघून सर्व्हिस फेल ठरवतं. आधी पॉडमन पुल करून इमेज उतरवून घ्या किंवा टाइमआउटस्टार्टसेक=900 लिहा. चौथं, फाइलमध्ये एका अक्षराची चूक असली तरी उत्तर येतं ते फक्त युनिट सापडलं नाही एवढंच. नेमकी ओळ कळायला पॉडमन-सिस्टम-जनरेटर हा प्रोग्राम --यूजर --ड्रायरन देऊन चालवावा लागतो. हे डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या पानावर सांगायला हवं होतं.

आता व्हर्जनचं. उबुंटू 22.04 च्या रेपोत (सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यात) पॉडमन 3.4 आहे आणि डेबियन 12 मध्ये 4.3, म्हणजे दोन्हीकडे क्वाडलेट नाही. उबुंटू 24.04 मध्ये 4.9 मिळतो, तिथे काम भागतं. 22.04 वर अडकलेल्यांनी मशीन अपग्रेड करेपर्यंत डॉकरवरच राहावं, हे स्पष्ट सांगतो. बाहेरच्या रेपोतून नवा पॉडमन ओढून बसवणं म्हणजे पुढच्या माणसाला त्रास.

दुसरी मोठी अडचण फाइलींच्या मालकीची. समजा पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा -व्ही देऊन होस्टवरच्या, म्हणजे मूळ मशीनवरच्या, फोल्डरला जोडला. रूटलेसमध्ये, म्हणजे साध्या युजरने चालवताना, कंटेनरमधला रूट म्हणजे बाहेरचे तुम्ही, पण आतले बाकीचे युजर सबयूआयडीच्या, म्हणजे तुमच्या नावे राखलेल्या युजर नंबरांच्या, पट्ट्यातून येतात. तुमचा पट्टा 100000 पासून सुरू होत असेल तर आतला 1 नंबरचा युजर बाहेर 100000 होतो, आणि पोस्टग्रेसचा 999 बाहेर 100998 दिसतो. त्यामुळे स्वतःच्याच होममधलं फोल्डर उघडता येत नाही, रात्रीचा बॅकअप परमिशन डिनाइड म्हणून रिकामा जातो, आणि कोणीतरी सुडो लावून (रूटच्या हक्काने) अख्ख्या फोल्डरची मालकी बदलतो. मग डेटाबेसच उठत नाही. बघायचं किंवा पुसायचं असेल तर पॉडमन अनशेअर लावून तीच कमांड चालवा, म्हणजे आतल्या नजरेने मालकी दिसते. मुळातच टाळायचं असेल तर नव्या रिकाम्या फोल्डरवर --यूजरएनएस=कीप-आयडी:यूआयडी=999,जीआयडी=999 द्या; हे 4.3 पासून चालतं. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर बनलेल्या पोस्टग्रेस इमेजमध्ये नंबर 999 नसून 70 असतो, तेवढं बघून घ्या.

अल्मा, रॉकी, फेडोरावर एसईलिनक्स (फाइलींना लेबल लावून प्रवेश अडवणारी सुरक्षा) असल्याने -व्हीच्या शेवटी कोलन देऊन कॅपिटल झेड लावावा लागतो, नाहीतर पुन्हा तेच परमिशन डिनाइड. कॅपिटल म्हणजे फोल्डर त्या एकाच कंटेनरचं, स्मॉल म्हणजे सामायिक. अख्ख्या होमवर हे कधीही लावू नका, सगळ्याचं लेबल बदलतं आणि एसएसएचच्या चाव्याही चालेनाशा होतात. उबुंटूवर याची गरज नाही.

पर्यायांचा क्रम ही डॉकर आणि पॉडमन दोघांकडे सारखीच लागणारी ठेच. इमेजच्या नावाआधी आलेलं सगळं पॉडमनसाठी, नंतर आलेलं सगळं आतल्या प्रोग्रामसाठी. पॉडमन रन -डी एनजिनएक्स -पी 8080:80 लिहिलं तर पोर्ट उघडत नाही. ते -पी आतल्या कमांडच्या गळ्यात पडतं आणि कंटेनर लगेच मरतो. मेल्यावर एक्झिट कोड बघा, आतला प्रोग्राम मेला तर तो पॉडमन पीएस -ए मध्ये दिसतो आणि रन कमांडच फसली तर ती कमांडच तो परत देते: 125 म्हणजे पॉडमनलाच पर्याय पचला नाही, 126 म्हणजे कमांड सापडली पण चालवता येत नाही, 127 म्हणजे कमांडच नाही, आणि 137 म्हणजे जबरदस्तीने मारला. --आरएम (संपताच कंटेनर पुसणारा पर्याय) लावला असेल तर हे बघायलाही कंटेनर उरत नाही, म्हणून बसवताना तो लावू नये.

137 दिसला की लोक लगेच रॅम वाढवतात. आधी इन्स्पेक्टमध्ये ओओएमकिल्ड (मेमरी संपल्याने मारला) ट्रू आहे का ते बघा. फॉल्स असेल तर बहुतेक वेळा स्टॉप केल्यावर दहा सेकंदांत प्रोग्राम थांबला नाही म्हणून मारलेला असतो. डेटाबेसला --स्टॉप-टाइमआउट=60 द्या, आणि सुरुवातीची स्क्रिप्ट शेलची असेल तर शेवटच्या ओळीत एक्झेक लिहा, म्हणजे थांबण्याचा सिग्नल खऱ्या प्रोग्रामपर्यंत पोचतो.

एक पर्याय मात्र डॉकरच्या रनमध्ये नाही आणि आपल्याकडे फार कामाचा आहे: --टीझेड=एशिया/कोलकाता. बहुतेक इमेज यूटीसीवर चालतात, म्हणजे साडेपाच तास मागे. कळमन्यात पहाटे साडेपाचच्या आत उतरलेल्या मालाची पावती आदल्या दिवशीच्या तारखेत पडते, आणि हिशेब जुळवताना अडत्या सॉफ्टवेअरवाल्याच्या नावाने शंख करतो. डॉकरवर यासाठी एन्व्हायर्नमेंटमध्ये टीझेड द्यावं लागतं, आणि इमेजमध्ये टाइमझोनच्या फाइली नसतील तर तेही वाया जातं.

कंपोजच्या, म्हणजे अनेक कंटेनर एका फाइलीतून एकत्र उठवण्याच्या, बाबतीत पॉडमन कच्चा आहे. पॉडमन कंपोज ही नुसती मधली कमांड, काम करतो तो बाहेरचा प्रोग्राम, आणि डिपेंड्स-ऑनच्या (कोण कोणानंतर उठणार याच्या) बारकाव्यांत कुठला प्रोग्राम बसवलाय त्यावर निकाल ठरतो. आठदहा कंटेनरचं तयार कंपोज क्लायंटकडून आलं असेल तर डॉकर सोडू नका. दोनतीन कंटेनर असतील तर क्वाडलेटमध्ये उतरवणं एका दुपारचं काम आहे. फक्त त्यांच्यासाठी वेगळं नेटवर्क बनवा, कारण डीफॉल्ट नेटवर्कवर कंटेनर एकमेकांना नावाने सापडत नाहीत. इमेजचं नाव डॉकर.आयओपासून पूर्ण लिहा. अर्धं नाव दिलं तर पॉडमन कुठल्या रजिस्ट्रीतून (इमेजच्या साठ्यातून) घेऊ असं विचारू शकतो किंवा सरळ एरर देतो, आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) उत्तर द्यायला कोणी बसलेलं नसतं.

बसवून झालं की क्लायंटसमोर मशीनचा मेन स्विच बंद करून परत चालू करा आणि स्वतः लॉगिन न करता दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बिलिंगचं पान उघडून बघा. ते उघडल्याशिवाय पैसे मागू नका.